मोटारसायकलसाठी योग्य कूलंट कसे निवडावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात लिक्विड-कूल्ड मोटारसायकली, म्हणजे ज्यांचे इंजिन आत फिरणाऱ्या द्रवाने (कूलंटने) थंड ठेवले जाते अशा गाड्या, मोठ्या संख्येने आहेत, परंतु त्यांत कोणते कूलंट घालावे याविषयीचे बहुतेक सल्ले थंड देशांसाठी लिहिलेल्या माहितीवर किंवा बाटलीच्या रंगावर आधारलेले असतात. पुढील उत्तरे पुण्याचे हवामान, येथील घाट आणि विशेषतः येथील पाणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

माझ्या गाडीला कूलंट लागते का, हे कसे ओळखावे?

इंजिनाच्या पुढे, पुढच्या चाकाच्या मागे जाळीदार रेडिएटर असेल आणि त्याला जाड रबरी होज जोडलेले असतील, तर बहुधा गाडी लिक्विड-कूल्ड आहे. मात्र येथे एक गफलत नेहमी होते. रॉयल एनफिल्डची ६५० सीसीची जुळी इंजिने किंवा पल्सर २२० यांच्या पुढेही लहान रेडिएटरसारखी जाळी दिसते, पण तो ऑईल कूलर असतो. त्यातून इंजिन ऑईलच फिरते आणि त्यात कूलंट घालण्याचा प्रश्नच येत नाही. हिमालयन ४५०, केटीएम ड्यूक, डॉमिनार ४००, यामाहाची आर१५, अपाचे आरआर ३१० आणि २०१८ नंतरच्या जावा या गाड्यांना कूलंट लागते. स्प्लेंडर, शाईन किंवा बुलेट यांना लागत नाही. खात्रीची खूण म्हणजे कूलंटची अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी, जिच्यावर कमाल आणि किमान पातळीच्या दोन रेघा कोरलेल्या असतात.

पुण्यात बर्फ पडत नाही; मग नुसते पाणी का चालू नये?

थंड देशांत द्रव गोठू नये म्हणूनही कूलंट लागते, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर उत्कलनबिंदूचे असते आणि ते अपुरे आहे. कूलंटमुळे द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो हे खरे, परंतु किती वाढतो ते पाहावे. इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधील मूळ द्रव) आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण समुद्रसपाटीला सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे पाण्यापेक्षा जेमतेम सात अंश अधिक. खरे काम रेडिएटरचे झाकण करते. त्यातील स्प्रिंग आतला दाब वातावरणापेक्षा साधारण १.१ बारने अधिक राखते आणि त्या दाबाखाली नुसते पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपासच उकळते. शिवाय उष्णता वाहून नेण्याची पाण्याची क्षमता ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा जास्तच असते. केवळ थंडाव्याचा हिशेब केला, तर पाणी हरत नाही.

पाणी हरते ते गंजाच्या बाबतीत. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, वॉटर पंपाचा दांडा पोलादाचा, कुठे तांब्याचे वॉशर. असे वेगवेगळे धातू गरम पाण्यात एकत्र बुडाले की बॅटरीत होते तशीच विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात सहसा ॲल्युमिनियम झिजते. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये ही क्रिया रोखतात. पुण्यातील दुचाकीस्वार कूलंटचे पैसे मोजतो ते मुख्यतः या काही टक्के गंजरोधकांसाठी, बर्फासाठी नव्हे.

याचा धडा मला स्वतःला जुनी गाडी घेतल्यावर मिळाला. कात्रजचा घाट चढताना तापमानाचे काटे वर जाऊ लागले, म्हणून एका गॅरेजमध्ये वॉटर पंपाचे झाकण उघडून घेतले. आतील पंख्याच्या पात्यांवर गिझरच्या कॉईलवर बसतो तसा पांढरट-तपकिरी थर चढला होता, नखाने ओरखडला तर खडूसारखा सुटत होता, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले होते. आधीचे मालक दर धुलाईच्या वेळी वॉशिंग सेंटरच्या नळीनेच टाकी भरून घेत असत, असे नंतर कळले. कूलंटच्या एका बाटलीऐवजी पंपाचे झाकण, सील आणि मजुरी असा खर्च माझ्या वाट्याला आला.

हिरवे, निळे, गुलाबी की लाल? कोणत्या रंगाचे घ्यावे?

रंग हा केवळ रंग आहे. कूलंटमध्ये तो गळती दिसावी म्हणून मिसळतात आणि कोणत्या रासायनिक प्रकाराला कोणता रंग द्यायचा याचा सर्व उत्पादकांना बांधणारा नियम नाही. एका कंपनीचे हिरवे कूलंट जुन्या पद्धतीचे, तर दुसऱ्या कंपनीचे तितकेच हिरवे कूलंट दीर्घायुषी सेंद्रिय आम्लांचे असू शकते. दुकानात “हिरवे द्या” असे म्हणणे म्हणजे औषधाच्या दुकानात “पांढरी गोळी द्या” असे म्हणण्यासारखे आहे. मागावयाचे ते मॅन्युअलमध्ये लिहिलेले विनिर्देशन (स्पेसिफिकेशन).

आयएटी, ओएटी आणि एचओएटी यांत फरक काय?

हे तीन शब्द गंजरोधकांच्या तीन कुळांची नावे आहेत. मूळ द्रव तिन्हींत बहुधा इथिलीन ग्लायकॉलच असतो.

आयएटी हे जुने, असेंद्रिय क्षारांचे कूळ. त्यातील सिलिकेट किंवा फॉस्फेट धातूच्या संपूर्ण पृष्ठभागावर झटकन पातळ थर चढवतात. संरक्षण लगेच मिळते, पण थर चढवण्यातच द्रव्ये खर्ची पडत असल्यामुळे असे कूलंट सुमारे दोन वर्षांत निकामी होते. ओएटी मध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते जेथे गंज सुरू होऊ पाहतो तेथेच काम करतात, म्हणून हळू खर्च होतात आणि चार-पाच वर्षे टिकू शकतात. एचओएटी हा या दोहोंचा संकर: सेंद्रिय आम्ले अधिक थोडे सिलिकेट किंवा थोडे फॉस्फेट.

मोटारसायकलच्या दृष्टीने खरी मेख या “किंवा”मध्ये आहे. जपानी उत्पादकांचा कल सिलिकेट टाळण्याकडे असतो, कारण सिलिकेटचे कण वॉटर पंपाच्या सीलची झीज करतात असे ते मानतात; होंडाच्या मोटारसायकलींच्या मॅन्युअलमध्ये सिलिकेट असलेल्या कूलंटमुळे पंपाचे सील लवकर झिजू शकते, अशी सूचना छापलेली असते. युरोपीय उत्पादक परंपरेने फॉस्फेट टाळत आले आहेत, कारण तिकडे अनेक ठिकाणी पाणी जड (क्षारयुक्त) असते आणि जड पाण्यातील कॅल्शियमशी फॉस्फेटचा संयोग झाला की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साका बसतो. म्हणून जपानी बनावटीच्या गाडीला सिलिकेटविरहित कूलंट घ्यावे आणि युरोपीय वंशाच्या गाडीला तिच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेले, बहुधा फॉस्फेटविरहित कूलंट घ्यावे. वाघोली, उंड्री किंवा हडपसरच्या पलीकडे राहणाऱ्यांच्या घरी टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल, तर फॉस्फेटचा मुद्दा त्यांना युरोपीयांइतकाच लागू आहे.

कारचे कूलंट मोटारसायकलमध्ये चालेल का?

विनिर्देशन जुळत असेल तर चालेल. “फक्त दुचाकीसाठी” असे छापलेल्या लहान बाटलीत आणि त्याच कंपनीच्या कारसाठीच्या डब्यात पुष्कळदा एकच द्रव असतो. ट्रकच्या डिझेल इंजिनांसाठीचे कूलंट मात्र घेऊ नये. त्यांतील काहींमध्ये त्या इंजिनांच्या लायनरसाठी (सिलिंडरच्या आतील नळीसाठी) नायट्राइटसारखी द्रव्ये घातलेली असतात, ज्यांचा आपल्या ॲल्युमिनियमच्या लहान इंजिनाला उपयोग नाही.

तयार मिश्रण घ्यावे की कॉन्सन्ट्रेट?

बहुतेकांनी तयार मिश्रणच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोनशे ते चारशे सीसीच्या गाडीत एकूण कूलंट सव्वा लिटरच्या आसपास मावते. एवढ्यासाठी मापाचे भांडे आणि शुद्ध पाणी शोधत बसण्यात बचत फारशी नाही. एक लिटर तयार मिश्रणाची किंमत पूर्ण टाकीभर पेट्रोलपेक्षा कमीच असते.

कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेले कूलंट, घेतले तर दोन चुका टाळाव्यात. पहिली चूक म्हणजे “जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगले” असे समजून ते पाणी न मिसळता ओतणे. शुद्ध ग्लायकॉल पाण्यापेक्षा फारच कमी उष्णता वाहून नेते, दाट असल्यामुळे पंपावर ताण आणते, आणि गंमत म्हणजे ते उणे १२-१३ अंशांनाच गोठते, तर निम्मे पाणी मिसळलेले मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत तग धरते. दुसरी चूक याच्या उलट: तयार मिश्रणालाच कॉन्सन्ट्रेट समजून त्यात आणखी निम्मे पाणी घालणे. अशाने गंजरोधक अर्ध्यावर येतात. बाटलीवर “वापरण्यास तयार” असे लिहिले आहे की मिश्रणाचा तक्ता छापला आहे, हे दुकानातून निघण्यापूर्वीच वाचावे.

मिश्रणासाठी कोणते पाणी वापरावे?

डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी वापरावे. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी बोअरच्या पाण्याइतके जड नसते हे खरे, पण त्यात जंतुनाशासाठी क्लोरीन मिसळलेले असते आणि क्लोराइड हा ॲल्युमिनियमचा वैरी आहे. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार कमी होतात, संपत नाहीत. शिवाय अनेक यंत्रे चवीसाठी काही क्षार परत मिसळतात.

पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारे बॅटरी वॉटर चालते. परंतु त्याच दुकानात, तशाच कॅनमध्ये बॅटरीचे आम्लही विकले जाते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय कॅन उचलू नये.

सिग्नलला पंखा सारखा चालू राहतो. कूलंट बदलल्याने फरक पडेल का?

गणेशखिंड रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या वाटेवर एप्रिलच्या दुपारी पाच-सात मिनिटे एकाच जागी उभे राहावे लागले, तर पंखा चालू होणे हे बिघाडाचे नव्हे, यंत्रणा नीट असल्याचे लक्षण आहे. द्रव साधारण १०० अंशांच्या आसपास पोचला की सेन्सर पंखा सुरू करतो आणि काही अंश उतरल्यावर बंद करतो. मांडीवर येणारी झळ ही रेडिएटरने बाहेर टाकलेली उष्णता असते. अधिक चांगले कूलंट घातले तरी इंजिनातून निघणारी उष्णता तेवढीच राहणार, त्यामुळे झळ कमी होणार नाही. महागडे कूलंट घालून “गाडी आता तापतच नाही” असे सांगणारे बरेच जण प्रत्यक्षात जुने, थकलेले कूलंट बदलल्याचा परिणाम सांगत असतात.

पंखा चालू असूनही काटा चढतच राहिला, तर आधी रेडिएटरची जाळी पाहावी. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंधा करून आलेल्या गाडीच्या जाळीत लाल चिखल बसून वाळतो आणि हवा अडते. तो साध्या नळीच्या हलक्या धारेने, शक्य असल्यास मागून पुढे धुवावा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळीच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि मग त्या टूथपिकने एक-एक सरळ करत बसावे लागते. मी बसलो आहे.

पुण्याहून लेहला जायचे आहे. वेगळे कूलंट लागेल का?

निम्म्या प्रमाणाचे मिश्रण असेल तर लागणार नाही. उणे ३७ अंश हा उन्हाळी प्रवासात गाठण्यासारखा आकडा नाही. मात्र बाजारातील काही तयार मिश्रणांत ग्लायकॉल निम्म्यापेक्षा बरेच कमी असते, आणि ज्यांच्या गाडीत वर्षभर पाण्याचेच टॉप-अप झाले आहे त्यांचे प्रमाण तर सांगताच येत नाही. अशांनी निघण्यापूर्वी कूलंट पूर्ण बदलावे किंवा रिफ्रॅक्टोमीटरवर (ग्लायकॉलचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) एक थेंब तपासून घ्यावा.

उंचीचा दुसराही परिणाम असतो. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तेथे उघड्या भांड्यातले पाणी ८८-८९ अंशांनाच उकळते. झाकण बाहेरच्या दाबावर स्वतःचा दाब चढवते, त्यामुळे बाहेरचाच दाब कमी झाला की आतला एकूण दाब आणि उत्कलनबिंदू दोन्ही उतरतात. रबर कडक झालेले, दाब न धरणारे झाकण पुण्याच्या ५६० मीटरवर खपून जाते, तेथे खपत नाही. नवे झाकण स्वस्त मिळते. नाना पेठेत स्पेअर पार्ट घेताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्याशी जुळतो का, एवढे पाहावे.

पाणीविरहित कूलंट घ्यावे का?

रोजच्या गाडीला घेऊ नये. ते सहसा उकळत नाही आणि गंजही टाळते, पण उष्णता वाहून नेण्यात मिश्रणापेक्षा कमी पडते, ते भरण्यापूर्वी यंत्रणेतील पाण्याचा अंश काढून टाकावा लागतो, आणि वाटेत गळती झाली तर टॉप-अपला सहजासहजी मिळत नाही.

आधी कोणते कूलंट घातले आहे ते माहीत नाही. वरून नवे घातले तर?

दोन कुळांची कूलंट एकत्र आल्याने इंजिन लगेच बंद पडत नाही. होते ते असे की गंजरोधकांचा मेळ बिघडतो, दीर्घायुषी कूलंटचे आयुष्य घटते, आणि काही मिश्रणांत जेलीसारखा गाळ धरतो. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि इतिहास ठाऊक नसेल, तर अंदाज बांधत न बसता सगळे काढावे, डिस्टिल्ड पाणी भरून इंजिन थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत चालवावे, थंड झाल्यावर ते काढावे आणि बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा करावे. प्रवासात अडचण आली तर डिस्टिल्ड पाण्याचे टॉप-अप हे अनोळखी कूलंटपेक्षा निर्धोक असते; तेही न मिळाल्यास पिण्याचे पाणी घालून घर गाठावे आणि नंतर पूर्ण बदलावे.

कूलंट किती दिवसांनी बदलावे?

मॅन्युअलमध्ये दिलेली वर्षे किंवा किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा. गाडी उभी राहिली तरी गंजरोधक थकतात, त्यामुळे महिन्यातून एकदाच सिंहगडावर नेल्या जाणाऱ्या गाडीलाही ही मुदत लागू आहे. द्रव गढूळ किंवा तांबूस दिसू लागला, तर मुदतीची वाट पाहू नये.

टाकीतील पातळी सारखी उतरते. कूलंट जाते कोठे?

कित्येक महिन्यांत थोडी पातळी उतरणे स्वाभाविक आहे. पाण्याचा अंश बाष्परूपाने जातो. दर पंधरवड्याला टॉप-अप लागत असेल, तर कूलंटचा ब्रँड बदलून उपयोग नाही, वाट शोधली पाहिजे. होजच्या क्लिपांपाशी वाळलेले रंगीत डाग पाहावेत. मग वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असते ते पाहावे. हे भोक मुद्दाम ठेवलेले असते; तेथून कूलंट ठिबकत असेल तर पंपाचे सील गेले आहे. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. बुजवल्यावर कूलंट बाहेर न येता बेअरिंगकडे आणि ऑईलकडे वाट शोधते.

बाहेर कोठेच ओल नसेल, तर इंजिनावरील ऑईलची पातळी दाखवणारी काच पाहावी. ऑईल दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल, किंवा गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल, तर पंपाचे सील किंवा हेड गॅस्केट निकामी झाले असण्याची शक्यता मोठी असते आणि गाडी चालवत न नेता टेम्पोने गॅरेजला न्यावी. गळती थांबवण्याची म्हणून मिळणारी पावडर वापरू नये. मोटारसायकलच्या रेडिएटरच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की गळतीआधी त्याच बुजतात.

कूलंट घरी बदलता येईल का?

येईल, मात्र इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की दाब एकदम सुटतो, द्रव क्षणात उकळून उसळतो आणि हात-तोंड भाजते. कापड धरून उघडले तरी हा धोका टळत नाही. कूलंट काढण्याचा बोल्ट बहुधा वॉटर पंपाच्या झाकणावर असतो. तो लहान असतो आणि ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतो, म्हणून लांब पान्याने जोर लावू नये आणि त्याचे वॉशर नवे घालावे.

भरताना घाई नडते. द्रव हळू ओतावा, होज हाताने दाबून बुडबुडे काढावेत, गाडी दोन्ही बाजूंना थोडी कलती करावी, मग झाकण न लावता इंजिन काही मिनिटे चालवून उतरलेली पातळी भरावी. काही गाड्यांना हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असतो. आत हवा राहिली, तर नवे कूलंट असूनही काटा वर जातो आणि दोष विनाकारण बाटलीला दिला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीची पातळी पुन्हा पाहावी.

बाटली खात्रीची आहे, हे कशावरून समजावे?

लेबलवर भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ यांपैकी काही लिहिलेले असावे, मूळ द्रव कोणता आणि मिश्रणाचे प्रमाण किती हे नमूद असावे, उत्पादनाची तारीख असावी. सुट्या कॅनमधून मापाने मिळणारे हिरवे पाणी कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण त्यात रंगाखेरीज काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

काढलेल्या जुन्या कूलंटचे काय करावे?

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि प्राणघातक विषारी असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सांडलेले हिरवे थारोळे कुत्री-मांजरी चाटतात आणि थोड्याच प्रमाणात त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका आहे. कोणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. सांडलेल्या जागी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ती भरून घ्यावी आणि मग फरशी भरपूर पाण्याने धुवावी. जुने कूलंट गटारात ओतू नये, कारण पुण्यातली बरीच गटारे शेवटी मुळा-मुठेलाच मिळतात. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, पाण्याच्या बाटलीत कधीही नव्हे, त्यावर ठळक नाव लिहावे आणि वापरलेले ऑईल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून द्यावे. ऑईलच्या पिंपात मात्र ते मिसळू देऊ नये.